काजूची बी आणि जकातीची सवलत

पेडणे-डिचोलीच्या डोंगरउतारांवरील काजू आपल्याला अस्सल गोमंतकीय वाटतो. वस्तुतः सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून येथे आणला, मोझांबिकातही नेला. या दोन भूमींची पुढील कथा व्यापार-उदारीकरणाचा अर्थ सांगते.

जागतिक बँकेच्या आग्रहामुळे मोझांबिकने १९९० नंतरच्या दशकात कच्च्या बियांवरील निर्यातकर घटविला. बिया भारतात येऊ लागल्या. तेथील कारखाने बंद पडले आणि हजारो कामगार बेकार झाले. पुढे २००१ मध्ये युरोपीय संघाने अत्यल्पविकसित देशांच्या शस्त्रांखेरीज सर्व मालाला जकातमाफी दिली. सवलत उदार होती. परंतु तोवर काजूगर काढणारे बहुतेक हात रिकामे झाले होते.

मूल्य वाढते ते बी भाजण्यात, फोडण्यात, सोलण्यात. डिचोलीत या कामाने काळवंडलेले भगिनींचे हात मी पाहिले आहेत. त्यांची मजुरी हाच आपला वाटा आहे. मोझांबिकातील भगिनींनी तो गमावला, याचा आपल्याला विसर पडू नये.

म्हणून जकातमाफीबरोबर कारखाना, कर्ज आणि प्रशिक्षण यांचे साहाय्य मिळाले, तरच त्या सहकार्याला विकास म्हणावे, असे मला वाटते.