बांधावरची रुई आणि दूरदेशीचे फुलपाखरू

बचत, कर्ज आणि हप्ते यांच्या गप्पांत आज आम्ही एका फुलपाखराची माहिती घेऊन आलो आहोत. हा विषय आपल्याला कशाला, असे वाटेल. पण तो शेवटी आपल्या हातातल्या खुरप्यापर्यंत येतो.

या फुलपाखराचे नाव मोनार्क. नारिंगी पंख, त्यांवर काळ्या रेघा आणि काळ्या काठावर पांढरे ठिपके. ते आपल्याकडे येत नाही. उन्हाळ्यात ते अमेरिका आणि कॅनडाच्या शेतशिवारात असते. तिथला कडक हिवाळा सोसत नाही, म्हणून थंडीआधी ते दक्षिणेला मेक्सिको देशात जाते. वजन अर्धा ग्रॅम, शेंगदाण्याच्या एका दाण्याएवढे. प्रवास मात्र काहींचा चार हजार किलोमीटरपर्यंत होतो. म्हणजे मुंबई-नागपूरच्या पाच खेपा!

मेक्सिकोत सुमारे तीन हजार मीटर उंचीच्या डोंगरांवर ओयामेल नावाच्या उंच झाडांची जंगले आहेत. तिथे लाखो फुलपाखरे फांद्यांना लगडून हिवाळा काढतात. मार्चच्या सुमारास ती उत्तरेकडे निघतात, वाटेत अंडी घालतात आणि मरतात. पुढचा प्रवास लेकी-नाती करतात. त्या जेमतेम महिनाभर जगतात. तिसरी-चौथी पिढी मात्र आठ महिन्यांपर्यंत जगते आणि तीच परत मेक्सिकोला जाते. पणजी ज्या डोंगरावरून निघाली, तिथे पणती पोहोचते. वाट दाखवायला कोणी नसते. सूर्याच्या आधाराने ती दिशा धरते.

ही फुलपाखरे नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोहोचतात. तेव्हाच तिथे मृतांचा सण असतो. आपण पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो, तसे तिथल्या अनेकांना वाटते की आपले पूर्वजच फुलपाखरू होऊन भेटायला आले. गावकऱ्यांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. पण ती कुठून येतात, हे माहीत नव्हते. कॅनडातले नोरा आणि फ्रेड अर्कहार्ट हे दांपत्य अनेक वर्षे फुलपाखरांच्या पंखांना चिमुकल्या चिठ्ठ्या चिकटवून त्यांचा माग काढत होते. त्यांच्यासाठी शोध घेणाऱ्या कॅटालिना अग्वादो या मेक्सिकन तरुणीला आणि तिच्या जोडीदाराला जानेवारी १९७५ मध्ये हे डोंगर सापडले.

आता काळजीची गोष्ट. ही फुलपाखरे मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेले जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टर, म्हणजे सुमारे ४५ एकर होते. २०१३-१४ मध्ये अवघे ०.६७ हेक्टर, म्हणजे पावणेदोन एकरांहूनही कमी. २०२४-२५ मध्ये ते १.७९ हेक्टर झाले. थोडे सावरले, पण पूर्वीसारखे नाही.

असे का झाले? मेक्सिकोत झाडे तुटली, हवामानही बदलले. आणखी एक मोठे कारण तणनाशक. मोनार्कची मादी अंडी घालते ती मिल्कवीड नावाच्या चिकाच्या झाडांवरच, कारण अळी दुसरे काही खात नाही. मका आणि सोयाबीनच्या शेतांत ही झाडे आपोआप उगवायची. तणनाशकाने न मरणारे पीक आले, फवारणी वाढली आणि मिल्कवीड शेतांतून जवळजवळ नाहीसे झाले.

मैत्रिणींनो, आपली रुई याच मिल्कवीडच्या कुळातली. शनिवारी मारुतीला वाहतो तीच. तिच्या पानांवर मोनार्कचे चुलत भावंड असलेले नारिंगी फुलपाखरू अंडी घालते. पांढऱ्या, काळ्या आणि पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसली, तर ती त्याचीच समजा. ती ज्वारी, तूर, कापूस यांना तोंड लावत नाही. तिला मारू नका.

मेक्सिकोतल्या काही गावांनी जंगल राखले. आता फुलपाखरे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवून, जेवण रांधून घालून तिथले लोक चार पैसे मिळवतात. २००८ मध्ये त्या जंगलाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेत आणि कॅनडात लोक अंगणात, शाळेत, रस्त्याच्या कडेला मिल्कवीड लावत आहेत.

आपल्याला तर रुई लावायचीही गरज नाही, फक्त राखायची आहे. पिकातले तण आपण काढणारच. पण बांधावर, पडीक जागेत सरसकट फवारा मारायची गरज आहे का, हे घरात बोलून ठरवूया. तांदुळजा, घोळ या रानभाज्याही त्याच फवाऱ्यात जातात. बांधावर दोन-चार रुया राहू द्या. तिचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, मुलांनाही सांगा. गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने सांगावे, आपल्या बांधावर किती रुया आहेत आणि पानांवर अळी दिसली का.

खुरपे आपल्या हातात आहे. काय काढायचे आणि काय राखायचे, हे आपल्याइतके कोणाला कळते?