कर्ज फिटेपर्यंत यात्रेला जायचंच नाही का?

मैत्रिणींनो, आषाढी जवळ आली की गटाच्या बैठकीत हा विषय निघतोच, "पंढरपूरला जावंसं वाटतं, पण डोक्यावर कर्ज आहे." आम्ही म्हणतो, आधी हिशेब मांडू.

समजा, घरच्यांसह जायला गटातून ६,००० रुपये घेतले. व्याज महिन्याला शेकडा २ रुपये. दरमहा ५०० रुपये मुद्दल फेडली, तरी वर्षाचं व्याज ७८० रुपये होतं. सावकाराकडून शेकडा ५ नं घेतले, तर तेच १,९५०. दर्शन दोन दिवसांचं, हप्ता बारा महिन्यांचा!

म्हणून यात्रेसाठी नवं कर्ज नको. सावकाराचं जुनं देणं असेल, तर हातातला जास्तीचा पैसा आधी तिकडे जाऊ द्या. आणि हप्ता चुकवून तर जाऊच नका. एकीचा हप्ता थकला, की बँकेत सगळ्या गटाची पत जाते.

पण कर्ज आहे म्हणून वर्षानुवर्षं उंबरा ओलांडायचा नाही, हेही आम्हाला पटत नाही. राबणाऱ्या जिवाला विसावा हवाच. हप्ते वेळेवर जात असतील, तर दरमहा १०० रुपये वेगळ्या डब्यात टाका. पुढच्या आषाढीपर्यंत १,२०० होतील. राज्यात २०२३ पासून एसटीला आपल्याला अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना तर प्रवास मोफत. भाकरी-चटणी घरूनच बांधून घ्या.

डब्यात जमेल तेवढ्यातच जा, आणि हप्त्याच्या पैशाला हात लावू नका. मग परत आल्यावर बैठकीत मान खाली घालावी लागणार नाही.