पंप बसवणे सोपे, तो थांबवणे महत्त्वाचे

अमेरिकेतल्या उपनगरांत आणि लहान शेतवाड्यांवर 1960 आणि 70 च्या दशकांतले गार्डन ट्रॅक्टर अजूनही गवत कापतात, बर्फ लोटतात, छोटी ट्रॉली ओढतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 मध्ये कब कॅडेट आणला, 1963 मध्ये जॉन डीअरचा 110 आला. दोन्हींत कोहलरचे के-मालिकेतले एक सिलिंडरचे इंजिन होते. ओतीव लोखंडाची ही इंजिने नीट निगा राखली तर सहसा दगा देत नाहीत. त्यांच्या भोवतीचे रबर मात्र म्हातारे होते, आणि त्यात पेट्रोल पंपाचा पडदा, म्हणजे डायफ्राम, आघाडीवर असतो. तो गेला की जुन्या पंपाच्या जागी 12 व्होल्टचा इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा विचार सगळ्यात आधी सुचतो. हा विचार योग्यच आहे, पण त्यात एक अट दडलेली आहे. पेट्रोल पोचवणे हे पंपाचे निम्मे काम झाले. इंजिन थांबताच पेट्रोलही थांबले पाहिजे, हे उरलेले निम्मे. जुना पंप दोन्ही कामे बिनबोभाट करत असे. नव्या पंपाला दुसरे काम वायरिंगमधून शिकवावे लागते.

जुन्या पंपाची रचना पाहिली की हे पटते. काही इंजिनांवर कॅमशाफ्टच्या उंचवट्याने दांडी हलते आणि दांडीने डायफ्राम. काहींवर दांडीही नसते: पिस्टन वर गेला की क्रँककेसमधला दाब कमी होतो, खाली आला की वाढतो, आणि एका बारीक नळीतून आलेला हा चढउतार डायफ्रामला हलवतो. दोन लहान झडपा पेट्रोल एकाच दिशेने जाऊ देतात. बॅटरी नको, वायर नको, स्विच नको. पण डायफ्राम फाटला तर पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये उतरू शकते आणि ऑइल पातळ करते. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहिला तर कार्ब्युरेटरच्या बाऊलमधले पेट्रोल उडून जाते. मग पंप पुन्हा भरेपर्यंत सेल मारत बसावे लागते आणि जुनी बॅटरी तेवढ्यात बसते. त्यात अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. भारतात हे प्रमाण 20 टक्क्यांवर गेले आहे. म्हणून आपल्याकडे पेट्रोलवर चालणारे पॉवर वीडर आणि फवारणी यंत्रे वापरणाऱ्यांनाही नळ्या आणि डायफ्रामचा हा प्रश्न परका नाही.

इलेक्ट्रिक पंपाचा मोठा फायदा त्याच्या जागेत आहे. इंजिनावरचा पंप पेट्रोल लांबून ओढतो. ओढताना नळीतला दाब उतरतो आणि उन्हाळ्यात, तापलेल्या इंजिनाजवळ, कमी दाबाखाली पेट्रोलची वाफ लवकर होते. इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवला की तो पेट्रोल ढकलतो. दाब वाढतो आणि वाफ धरण्याचा त्रास कमी होतो. मात्र दाब बेताचाच हवा. या लहान कार्ब्युरेटरना साधारण 2 ते 3 पीएसआय पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 पीएसआयच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब देतो. तो लावला तर फ्लोटची निडल दाबाला दाद देणार नाही आणि कार्ब्युरेटर ओसंडेल. पंपाच्या आधी फिल्टर, इथेनॉलला टिकणारी नळी, प्रत्येक जोडावर क्लिप आणि वायरवर फ्यूज या गोष्टींना फाटा देता येत नाही. दांडीचा पंप काढला तर ब्लॉकवरचे भोक पट्टी आणि गॅस्केटने बंद करावे लागते; दाबाच्या नळीचे तोंडही बुचाने बंद करावे, नाहीतर तिथून ऑइल बाहेर उडेल किंवा धूळ आत जाईल. सोलेनॉइडचा पंप आपली खबर आवाजाने देतो: बाऊल रिकामा असताना भराभर टिकटिकतो, भरला की टिकटिक मंदावते. इंजिन बंद असूनही ती भराभरच राहिली, तर पेट्रोल कुठेतरी गळते आहे किंवा निडल बसलेली नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: पंप चावीवर जोडला की झाले, चावी बंद केली की पंप बंद. पण इंजिन नेहमी चावीनेच बंद होत नाही. ते ओल्या गवतात दबून बंद पडते, चढावर गुदमरते, ट्रॅक्टर कलंडला तर थांबते. अशा वेळी चावी चालूच असते आणि पंप ढकलतच राहतो. निडलखाली कचऱ्याचा एक कण अडकला असेल, तर पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये जाते. एक सिलिंडरच्या के-मालिकेत ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाशी असलेला चमचा ऑइल उडवतो आणि त्यावरच बेअरिंग जगतात. ते ऑइल पातळ झाले तर रॉडचे आयुष्य संपले. नळी तुटली असेल, तर तेच पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरवर पडेल.

मग ऑइल प्रेशर स्विच लावावा, असे कुणी सुचवील. ज्या इंजिनात ऑइल पंप आहे, तिथे हा उत्तम उपाय. फक्त सेल मारताना दाब अजून आलेला नसतो, म्हणून तेवढ्यापुरता पंपाला स्टार्टरच्या बाजूने वीज देणारा तीन टोकांचा स्विच हवा. पण जुन्या एकसिलिंडरी कोहलरमध्ये ऑइलला दाबच नाही, मग स्विच वाचणार काय? तिथे इग्निशन कॉइलचे ठोके मोजणारा रिले लावावा. ठोके थांबले की काही क्षणांत तो पंप तोडतो. ही उगाच केलेली चैन नव्हे. 1970 च्या दशकातल्या बॉशच्या एल-जेट्रॉनिक इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनात जाणारी हवा वाहायची थांबली की पंप थांबत असे. लहान यंत्राला हा नियम कमी लागू पडत नाही. उलट त्यात टाकी, बॅटरी आणि चालक एकमेकांना खेटून असतात, म्हणून तो जास्तच लागू पडतो.

दुसरा आक्षेप जुनी यंत्रे जपणाऱ्यांचा: मूळ पंप मिळत असताना वायरी कशाला? यात तथ्य आहे. डायफ्रामचा नवा संच मिळत असेल, टाकी कार्ब्युरेटरजवळ असेल आणि यंत्र रोज चालत असेल, तर मूळ पंपच दुरुस्त करावा. त्यात बिघडण्यासारखे कमी असते. टाकी उंचावर असेल, तर पंपाचीही गरज नसते, पेट्रोल आपल्या वजनाने उतरते. बॅटरीची चिंताही रास्त आहे. असा पंप साधारण 1 ते 2 अँपिअर खातो, आणि काही लहान इंजिनांचे चार्जिंगच 3 अँपिअरचे असते. दिवे लावले की शिल्लक फारशी उरत नाही. पण हे आक्षेप इलेक्ट्रिक पंप कुठे बसवू नये, एवढेच सांगतात. जिथे तो बसवायचा, तिथे त्याच्या किमतीत रिले आधीच धरलेला असला पाहिजे. रिलेला पैसे नसतील, तर नव्या पंपाला हात न लावता जुन्याचा डायफ्राम बदलावा.