मेदिची आणि बारामतीचे नाईक

मागच्या टर्ममध्ये मुलीला शाळेत रेनेसान्सवर प्रोजेक्ट होता. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याची कथा सांगून झाल्यावर तिने विचारले, "बाबा, आपल्याकडे असे कोणी होते का?" मी शिक्षणाने इंजिनियर, व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला; इतिहास शाळेतच सुटलेला. तरी मेलबर्नच्या थंडीत दोन-चार रविवार पुस्तके चाळली.

जोव्हान्नी मेदिचीने १३९७ साली फ्लॉरेन्सला पेढी काढली. चर्चला व्याज निषिद्ध. मग पैसे फ्लॉरेन्समध्ये द्यायचे, लंडनमध्ये दुसऱ्या चलनात वसूल करायचे, आणि नफा चलनाच्या दरात दडवायचा. म्हणजे आपली हुंडीच म्हणा ना! पोपचे खाते मिळाले आणि भरभराट झाली. प्रत्येक शाखा ही वेगळी भागीदारी असे. एक बुडाली तरी दुसरी तरावी, ही रचना माझ्यासारख्याला लगेच पटते. पण भांडवल बहुतांशी घराण्याचेच. ब्रूजच्या शाखेने बर्गंडीच्या ड्यूकला आणि लंडनच्या शाखेने इंग्लंडच्या राजाला भरमसाट कर्जे दिली. राजाला नाही म्हणणे अवघड, आणि त्याच्यावर फिर्याद कुठे करायची? १४७७ मध्ये ड्यूक लढाईत पडला. १४९४ मध्ये मेदिची हद्दपार झाले, पेढीही संपली.

आता बारामती. बाबूजी नाईक जोशी हे थोरल्या बाजीरावांचे सावकार. बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्या घरची सून. १७४० मध्ये बाजीराव वारले, तेव्हा रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्यावर बाबूजींनी चक्क पेशवेपदच मागितले! शाहू महाराजांनी ते नानासाहेबांना दिले. मग नाईकांनी कर्जाचा तगादा लावला. महादाजीपंत पुरंदऱ्यांच्या मदतीने नानासाहेब त्यातून सुटले. पुढे कर्नाटकातील चौथाईचा मक्ता नाईकांनी घेतला, आणि त्यात त्यांना जबर ठोकर बसली.

दोन्ही घरांनी सत्तेला कर्ज दिले, सोयरीक जोडली, अखेर सत्ताच मागितली. मेदिचींना ती मिळाली. पेढी गेल्यावर ते परत येऊन ड्यूक झाले. १७३७ मध्ये शेवटचा ड्यूक निपुत्रिक वारला. त्याची बहीण आन्ना मारिया लुईसा हिने करारच केला, की घराण्याची चित्रे-शिल्पे फ्लॉरेन्सबाहेर जाणार नाहीत. आज जग ती पाहायला तिथे जाते. नाईकांनी कऱ्हेकाठी मोरोपंतांना आश्रय दिला होता, त्यांच्या आर्या आपल्यापर्यंत पोचल्या.

हे सारे मुलीला सांगितले आणि एक आर्या तिच्यापुढे ठेवली. तिला दुसरा शब्दही वाचता येईना. चूक तिची नाही. गेल्या वर्षी दुसऱ्या घरासाठी कर्ज काढले, आणि शनिवार-रविवार त्या घराच्या डागडुजीत जातात म्हणून मीच तिला मराठीच्या वर्गातून काढले होते. पुढच्या टर्मपासून ती पुन्हा जाणार आहे. सोडण्या-आणण्याचे काम माझे.