वाढ आणि प्रगती : लांब पल्ल्याची शर्यत आणि घरचा व्यायाम

तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना बैठकांशी काय देणंघेणं, असं काहींना वाटलं असेल. पण आजचा प्रश्न मुळात तत्त्वज्ञानाचाच आहे. अर्धमॅरेथॉनची, म्हणजे २१.०९७५ किलोमीटरची तयारी करणारी मुलंमुली मला विचारतात, "सर, जिम परवडत नाही. उन्हाळ्यात आपल्या संभाजीनगरात सकाळी आठनंतर पळवत नाही. घरी व्यायाम करतो, पण प्रगती होतेय का, कळत नाही. रोज बैठका वाढवत जाऊ का?"

इथे दोन शब्दांची गल्लत होते. वाढ म्हणजे आकडा मोठा होणं. प्रगती म्हणजे ठरवलेल्या ठिकाणाच्या जवळ जाणं. पन्नासाच्या दोनशे बैठका झाल्या ही वाढ झाली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी धावताच आलं नाही, तर शर्यतीच्या दृष्टीने आपण मागे गेलो.

मग किती करायचं? ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात मिलो या मल्लाचं उदाहरण दिलं आहे. दहा मापं अन्न फार होतं आणि दोन मापं कमी पडतं, म्हणून प्रशिक्षक सरसकट सगळ्यांना सहा मापं सांगत नाही. सहा मापं मिलोला कमी पडतील, नवशिक्याला जास्त होतील. योग्य प्रमाण हे ज्याच्या त्याच्या शरीराचं असतं.

आता शरीराकडे बघू. धावताना प्रत्येक पावलाला आपण एका पायावर उतरतो, आणि त्या पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट भार येतो. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडं आणि कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, यांना महिने लागतात. म्हणून छाती "चल" म्हणते आणि नडगी "थांब" म्हणते. कित्येकांची शर्यत सुरू होण्याआधीच संपते ती इथे.

घरचा व्यायाम ही दरी भरून काढण्यासाठी करायचा. शंभर-दोनशे सोप्या बैठकांनी दमसास वाढेल, पण तो धावण्यातून मिळतोच आहे. आपल्याला हवी ताकद. त्यासाठी व्यायाम असा निवडा, की आठ ते बारा वेळांत शेवटचे दोन जड जातील, पण ढब बिघडणार नाही. तो सोपा वाटू लागला की आकडा वाढवत बसू नका, अवघडपणा वाढवा. बैठकीत खाली जायला चार सेकंद घ्या. मग एक पाय पुढे टाकून बैठक मारा. मग पाठीवर पुस्तकांची पिशवी घ्या. जिन्याच्या पायरीवर टाचा उचला, आधी दोन पायांवर, नंतर एका. जोडीला सेतुबंधासन आणि प्लँक. एका वेळी एकच गोष्ट बदला. ज्या आठवड्यात धावण्याचं अंतर वाढवलं, त्या आठवड्यात व्यायाम आहे तिथेच ठेवा.

हे आठवड्यातून दोनदा पुरे. जोरात धावण्याच्या दिवशीच, धावून झाल्यावर काही तासांनी करा, म्हणजे सोपा दिवस खरोखर सोपा राहील. शर्यतीच्या आधीच्या दहा-बारा दिवसांत निम्म्यावर आणा.

ताकद आणि दमसास यांचं वैर आहे, असं समजू नका. आपल्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा अविनाश साबळे बघा. त्याची मुख्य शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. तीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटं ११.२० सेकंदांत त्याने रौप्यपदक मिळवलं, सुवर्ण हुकलं ०.०५ सेकंदांनी. अडथळे ओलांडणाऱ्या याच पायांनी २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी करून राष्ट्रीय विक्रम केला होता. मात्र त्याचं वेळापत्रक उचलून स्वतःला लावणं म्हणजे मिलोचं ताट नवशिक्यापुढे ठेवणं.

प्रगती मोजायला एक वही पुरते. नेहमीचा रस्ता, नेहमीचा वेग. श्वास पूर्वीपेक्षा कमी लागतोय का? शेवटच्या किलोमीटरांत कंबर खचते का? दुसऱ्या सकाळी जिना उतरताना काय होतं? स्नायू दोन दिवस आंबले तर काळजी नको. एकाच जागी बोट ठेवता येईल असं दुखणं धावताना वाढत गेलं, तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी सांगितल्या: दीर्घ काळ, खंड न पडता आणि आदराने. त्यांत आकडा कुठेच नाही. तरुण मुलांना सगळ्यांत अवघड जातं ते हेच, की एखाद्या आठवड्यात काहीही वाढवायचं नाही, आणि तोही आठवडा वहीत प्रगतीच्या बाजूलाच लिहायचा. आता तुमचे प्रश्न घेऊ.