बंद पडलेला पंखा आणि आठ तासांची मुदत

अमेरिकेतल्या अणुवीज केंद्रांकडून तिथल्या अणुनियामक आयोगाकडे येणाऱ्या काही नोंदी वाचताना हसू येतं. इमारतीच्या एअरलॉकचं आतलं आणि बाहेरचं दार काही सेकंद एकदम उघडं राहिलं, कारण दोन्ही बाजूंनी माणसं एकाच वेळी आली. दार लगेच लावलं. तरीही आयोगाच्या चोवीस तास चालणाऱ्या कक्षात फोन गेला आणि केंद्राच्या नावासकट ती नोंद जाहीर झाली. मग कुणीतरी मथळा देतो, ‘अणुकेंद्रातील सुरक्षा यंत्रणा निकामी’. पहिला गैरसमज इथेच रुजतो: नोंद झाली म्हणजे अपघात झाला.

नियमाचा प्रश्न वेगळाच असतो. त्या क्षणी गरज पडली असती, तर ही यंत्रणा कामाला आली असती का? ‘कदाचित नाही’ असं उत्तर आलं, तर आठ तासांत कळवायचं. आणीबाणी जाहीर झाली असेल तर मुदत एक तासाची, आणि परवान्याच्या अटींमुळे अणुभट्टी बंद करायला घेतली असेल तर चार तासांची. वायुवीजनाचे पंखे, चिलर, खोल्या थंड ठेवणारे कूलर यांचे बिघाड बहुधा आठ तासांच्या रांगेत बसतात. दारांचंही तसंच. उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीभोवतीच्या इमारतीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात, पाव इंच पाण्याच्या स्तंभाएवढा. फट पडलीच तर हवा आत यावी, आणि बाहेर जाणारी प्रत्येक झुळूक गाळण्यांतूनच जावी, हा हेतू. दोन्ही दारं उघडी असताना त्या दाबाची हमी देता येत नाही.

प्रत्येक बंद पंखा मात्र फोनवर जात नाही. एकाच कामाच्या दोन स्वतंत्र साखळ्या असतील आणि एकच पडली, तर दुसरी काम निभावते आणि हा फोन सहसा लागत नाही. पण उच्च दाबाने पाणी सोडणारा आपत्कालीन पंप उकळत्या पाण्याच्या अनेक अणुभट्ट्यांत एकुलता एक असतो. त्याच्या खोलीचा कूलर गेला की पंप धडधाकट असूनही प्रश्न उभा राहतो: त्या उष्णतेत तो किती वेळ तग धरेल?

‘एसी बंद पडला, त्यात काय एवढं? ऑपरेटर घामाघूम होतील.’ हा समज सुशिक्षितांच्या तोंडीही ऐकू येतो. कंट्रोल रूममधली थंड हवा माणसांइतकीच तिथल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी असते. शिवाय बाहेर किरणोत्सार किंवा धूर असला तरी आत माणसाला बसून काम करता यावं, ही त्या व्यवस्थेची खरी कसोटी. भारतात ही कसोटी ३१ मार्च १९९३ रोजी उत्तर प्रदेशातल्या नरोरा इथे लागली. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेल पेटलं, केबली जळाल्या आणि त्या युनिटचा वीजपुरवठा सुमारे १७ तास गेला. धूर कंट्रोल रूममध्ये शिरला आणि कर्मचाऱ्यांना ती सोडून बाहेर पडावं लागलं. आग विझवण्यासाठी ठेवलेल्या डिझेल पंपांचं पाणी वापरून उष्णता काढावी लागली. किरणोत्सार बाहेर पडला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर घटनेला ३ ही पातळी मिळाली. हे वाचल्यावर कंट्रोल रूमच्या हवेकडे कुणी सुखसोय म्हणून पाहील, असं मला वाटत नाही.

‘अणुभट्टी बंद केली की विषय संपला’ हेही खरं नाही. साखळी अभिक्रिया थांबल्यावरही इंधन सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता देत राहतं, दिवसभरानंतरही अर्धा टक्का. ३००० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या अणुभट्टीत अर्धा टक्का म्हणजे १५ मेगावॉट. ही उष्णता वाहून नेणारं पाणीही पुरेसं थंड लागतं, आणि कधी तर त्यापायी एकही यंत्र न बिघडता केंद्र थांबतं. ऑगस्ट २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या मिलस्टोनचं दुसरं युनिट बंद करावं लागलं, कारण थंड करण्यासाठी घेतलेलं समुद्राचं पाणी ७५ अंश फॅरनहाइटची मर्यादा ओलांडून गेलं. म्हणजे जेमतेम २४ अंश सेल्सियस. मुंबईकराला त्यात उतरताना बहुधा हुडहुडीच भरेल.

काही नोंदी पुढे मागे घेतल्या जातात, आणि त्यावरून ‘दाबून टाकलं’ अशी ओरड होते. आठ तासांत सगळी आकडेमोड होत नाही, म्हणून शंका असतानाच कळवतात. नंतर अभियंते खोलीचं तापमान काढतात. ते मर्यादेत राहिलं असतं असं दिसलं, तर कारण देऊन नोंद मागे घेतात. मूळ मजकूर मात्र तसाच राहतो, पुसला जात नाही.

राहिला सर्वांत चिवट समज: नोंदी जास्त, म्हणजे केंद्र वाईट. खरा धोका उलट, घडलेलं इतरांपर्यंत न पोचण्यात असतो. ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात २४ सप्टेंबर १९७७ रोजी एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला. दर्शकाने चकवलं आणि ऑपरेटरांनी आपत्कालीन पाणी बंद केलं. अणुभट्टी फक्त नऊ टक्के शक्तीवर होती, चूकही वेळेत ध्यानात आली, निभावलं. पण तो धडा त्याच कंपनीने बनवलेली अणुभट्टी चालवणाऱ्या थ्री माइल आयलंड केंद्राच्या ऑपरेटरांपर्यंत पोचलाच नाही. १८ महिन्यांनी, २८ मार्च १९७९ ला, तिथे तसाच व्हॉल्व्ह अडकला, तशीच चूक झाली आणि गाभ्याचा बराच भाग वितळला. तत्काळ कळवण्याचे आजचे नियम त्यानंतरच्या काळात घडले.

आपल्याकडे अशा घटनांचा आढावा १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळ घेतं आणि महत्त्वाच्या घटना पातळीसह वार्षिक अहवालात देतं. तारापूर अणुकेंद्राच्या शेजाऱ्यांना मात्र बंद पडलेला चिलर वर्षाच्या हिशेबात नव्हे, त्याच आठवड्यात कळायला हवा, असं माझं मत आहे.