क्लॅनडची मोया: दूरचित्रवाणीने दिलं, दूरचित्रवाणीने नेलं

1982च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या आयटीव्हीवर सलग तीन रात्री ‘हॅरीज गेम’ ही मालिका लागली. विषय उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा: ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा मारेकरी आणि त्याच्या मागावर धाडलेला ब्रिटिश हेर. मालिकेचं शीर्षकगीत मात्र आयरिश भाषेत होतं. आयरिश म्हटलं की इंग्लंडात बॉम्बस्फोट आठवत, अशा त्या दिवसांत हे गाणं तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेलं. गायिका होती मोया ब्रेनन.

यामागे बारा वर्षांची खटपट होती. डोनेगल परगण्यातल्या ग्वीडोर भागात घरोघरी आयरिश बोलली जाते. मोयाचे वडील लिओ बँडवाले. त्यांनी तिथे पब काढला आणि पोरं तिथेच गायला लागली. मोया, भाऊ कीरन आणि पोल, शिवाय दोघे जुळे मामा, असा ‘क्लॅनड’ हा घरचाच ताफा 1970 साली उभा राहिला. लेटरकेनीच्या महोत्सवात त्यांनी बक्षीस मारलं, पण आयरिश गाणी म्हटल्यावर ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांनी हात आखडता घेतला. पहिली तबकडी यायला 1973 उजाडलं. धाकटी बहीण एन्या पुढे काही काळ ताफ्यात होती. 1982मध्ये ती बाहेर पडली. पुढे एकटीने गाऊन ती जगप्रसिद्ध झाली.

‘हॅरीज गेम’चं गाणं भावांनी रचलं. स्टुडिओत आपलेच आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून एकावर एक चढवले, खाली सिंथेसायझरचा लांबलचक सूर धरला. ठेका जवळजवळ नाहीच. हीच मग क्लॅनडची ओळख झाली. ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ मालिकेचं संगीत, 1986मध्ये ‘यू2’ बँडचा गायक बोनो याच्याबरोबरचं द्वंद्वगीत, अमेरिकेत मोटारीची जाहिरात. मागणी वाढत गेली आणि गाण्यांत इंग्रजीही. 1999मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही ‘न्यू एज’ म्हणजे मन शांत करणाऱ्या, ध्यानाच्या संगीताच्या गटात. आयरिश लोकसंगीतातून आलेल्या ताफ्याला हे लेबल लागावं, याची मला गंमतही वाटते आणि थोडी चीडही.

मोयाची एकटीची वाट 1992पासून सुरू झाली. 2000 साली आलेल्या आत्मचरित्रात तिने दारू, अमली पदार्थ, गर्भपात आणि नंतरची ख्रिस्तश्रद्धा हे सारं आडपडदा न ठेवता लिहिलं. दरम्यान 1996मध्ये आयरिश भाषेला स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी मिळाली. तिच्या पडद्यावर पुढे मुरन निक औलीव्हसारख्या गायिका निवेदनही करू लागल्या. मोयाच्या पिढीला ही सोय नव्हती. त्यांना परक्या मालिकेच्या शीर्षकात जागा शोधावी लागली.

क्लॅनड ऐकायचं असेल तर ‘हॅरीज गेम’पासून सुरुवात करू नका. आधी 1976चा ‘दुलामान’ हा अल्बम लावा. त्यात मोयाची हार्प, मामांची गिटार आणि मँडोला, पोलची बासरी वेगवेगळी ऐकू येतात.